शेजारच्या घरात गेलेला बिंदू

काटकोन सरांना तिरकं काही खपत नसे. शाळेत ते भूमिती शिकवत आणि घरी ती जगत. दारातल्या चपला भिंतीशी नव्वद अंशांत, वर्तमानपत्र टेबलाच्या कडेला समांतर, चहाच्या कपाचा कान बरोबर पूर्वेला. भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने हललं की ते उठून सरळ करत, आणि वारा पडेपर्यंत ही उठबस चालू राही. रस्त्याला वळण आलं की सर इतर माणसांसारखे वळत नसत. थांबत, जागच्या जागी फिरत आणि पुन्हा चालू लागत. मागून येणाऱ्या सायकलवाल्यांचे त्यापायी फार हाल होत. हे नाव त्यांना कुठल्या वर्गाने ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते सरांच्या सासुरवाडीपर्यंत पोचलं होतं. तिथे ते पोचवलं होतं साडूंनी.

साडू हे नातं मोठं अवघड असतं. भाऊ रक्ताचा असतो, मित्र आपण निवडलेला असतो. साडू मात्र नुसता होतो. दोन परक्या माणसांनी एकाच घरातल्या मुली केल्या, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी जन्मभर एकमेकांच्या शेजारी जेवायला बसायचं आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायची. त्यातून सरांचे साडू थोरले, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं टायरचं दुकान होतं, त्यामुळे जगात जे जे चाकांवर चालतं ते आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत होती. जे चाकांवर चालत नाही त्याबद्दल ते विचारल्याशिवायही बोलत.

एका रविवारी साडूंकडे जेवणं झाली आणि त्यांनी आतून एक खोकं आणलं. खोक्यात रिमोटवर चालणारी गाडी होती. पण ही पळणारी नव्हती. हिची चाकं जाडजूड, टायर मऊ, आणि चाल म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसाने जिना चढावा तशी. साडूंनी ती जमिनीवर ठेवली, बटण दाबलं, आणि ती उशीवर चढली, उशीवरून पाटावर, पाटावरून पुस्तकांच्या चळतीवर. एक चाक वर, एक चाक खाली, पोट मात्र शांत.

"क्रॉलर म्हणतात हिला," साडू म्हणाले. "दगडधोंड्यांवर चढते."

सर नकळत खाली वाकले. (कमरेत, बरोबर नव्वद अंशांत.) आणि मग त्यांनी ती चूक केली, जी साडूंसमोर कुणीही कधी करू नये. त्यांनी प्रश्न विचारला.

"पण पडत कशी नाही ही?"

"त्याला सस्पेन्शनची जॉमेट्री म्हणतात," साडू खुर्चीत मागे रेलले. "सगळा खेळ त्या जॉमेट्रीचा. जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं ते."

मेहुणी फिसकन हसली. बायको हसली नाही, पण तिने पदराने ज्या घाईने तोंड पुसलं ते सरांनी पाहिलं. केस पिकेपर्यंत ज्याने भूमिती शिकवली त्या माणसाला एक टायरवाला सांगतो की तुम्हाला भूमिती कळायची नाही! सर त्या दिवशी सुपारी न खाताच निघाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात सर फळ्यावर त्रिकोणाच्या बाजू वाढवून दाखवत असताना मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही मुलगी प्रश्न विचारण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिला सगळे शिक्षक वकीलबाई म्हणत.

"सर, रागावणार नाही ना?"

"प्रश्न सरळ असेल तर नाही."

"सर, तुम्हाला स्वतःला, म्हणजे शाळेच्या बाहेर, ह्याचा कधी उपयोग झालाय?"

सरांच्या हातातला खडू मोडला. या प्रश्नाला त्यांच्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं, 'पाच मार्कांना येतं'. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. वकीलबाई चेष्टा करत नव्हती, हे तर फारच वाईट होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शनिवारी दाखवतो," सर म्हणाले. "शाळेमागे कुंपणाच्या भिंतीसाठी दगडांचा ढीग पडलाय ना? त्यावर एक गाडी चढवून दाखवतो. नुसत्या भूमितीच्या जोरावर. नाही चढली तर पुढच्या वर्षी भूमिती दुसऱ्या कुणीही शिकवावी, मी कवायत घेईन."

नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक बाहेरून चालले होते. कवायतीची जागा बरेच दिवस रिकामी होती. ते दारात थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आशा पसरली.

त्या संध्याकाळी सर घरी आले ते विचार करतच. त्यांना कवायतीची भीती नव्हती. सरळ उभं राहणं त्यांना उपजतच येत होतं. भीती वेगळीच होती. मुलीचं म्हणणं खरं असलं तर? इतकी वर्षं आपण मुलांना जे घोटून घेतलं ते फळ्याच्या चौकटीबाहेर कुठेच नसलं तर? त्यांनी साडूंना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे काहीतरी मागितलं.

"न्या की," साडू म्हणाले. "पण जपून. माझा जीव आहे तो."

गाडी घरी आली. सरांनी ती उलटी केली, चष्मा लावला, आणि त्यांना धक्काच बसला. आत सगळं तिरकं होतं! मागच्या चाकांचा आस गाडीच्या धडाला दांड्यांनी जोडलेला होता, काही वर, काही खाली. खालच्या दांड्या एका दिशेला कललेल्या, वरच्या भलत्याच दिशेला. स्प्रिंगासुद्धा भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आळशी पोरांसारख्या. अशी आकृती नववीतल्या कुणी काढली असती तर सरांनी ती पूर्ण खोडायला लावली असती.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "हे बनवणाऱ्याला गुण्या म्हणजे काय ते माहीत नाही."

"चालतेय ना पण?" बायको म्हणाली.

"चालणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं."

सरांनी गुण्या आणला, ओळंबा आणला, स्क्रू सोडले. दांड्या अडकवायला बरीच भोकं दिलेली होती. त्यांनी वरच्या आणि खालच्या दांड्या जमिनीला आणि एकमेकींना समांतर केल्या, आणि स्प्रिंगा ताठ उभ्या. भोकं हवी तिथे नसल्याने केसभर तिरकेपणा राहिला, तो त्यांनी मोठ्या मनाने पोटात घातला. गाडी आता पाहण्यासारखी दिसत होती. सर तिच्याकडे पाहतच राहिले.

इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ फरशांचे तुकडे आणि चार दगड पडलेले होते. सरांनी तिथे गाडी सोडली. ती पहिल्या दगडापाशी गेली, पुढची चाकं वर टाकली, आणि मग मागच्या अंगावर चक्क बसकण मारली. नाक आभाळाकडे गेलं आणि गाडी उताणी पडली. सरांनी सरळ केली. पुन्हा बसकण, पुन्हा उताणी. काहीही केलं तरी तेच.

उताण्या पडलेल्या गाडीत असं काहीतरी असतं की माणसं घरात बसू शकत नाहीत. थोड्याच वेळात निम्मी इमारत खाली होती, आणि प्रत्येकाजवळ एक सल्ला होता. तळमजल्यावरचे म्हणाले, नाकात वजन भरा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, तेल घाला. कशात घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सरांच्या शेजारच्या फ्लॅटमधले, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर म्हणाले, "मागचं बूड बसतंय ना? मग मागची स्प्रिंग कडक करा. साधी गोष्ट आहे." ती इतकी साधी गोष्ट होती की सरांनी ती केली. त्यानंतर गाडी बसेना, उडायला लागली. प्रत्येक दगडावर टुणकन उडी, आणि उडी संपली की उताणी.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते कुठेही यायचे ते काखेत फाइल घेऊनच.

"हे वाहन कुणाचं?"

"वाहन कसलं, रिमोटची गाडी आहे," सर म्हणाले.

"चाकं किती?"

"चार."

"म्हणजे चारचाकी झाली. चारचाकीला आवारात स्टिकर लागतो. तुमचा स्टिकर दुचाकीचा आहे."

सरांनी गाडी उचलून काखेत मारली आणि ताठ मानेने जिना चढले. मागून कुणीतरी म्हणालं, "गाडीला नाही चढता येत, सरांना येतं." हे त्यांना ऐकू आलं, आणि ते ऐकू आलं आहे हे लोकांना कळलं.

घरी आल्यावर सरांनी खोक्यातली माहितीपुस्तिका काढली. ती त्यांनी आधी वाचली नव्हती. भूमितीच्या माणसाने टायरवाल्याच्या खोक्यातलं वाचायचं म्हणजे काय? आता मुकाट्याने वाचली. एका पानावर त्यांची नजर खिळली. वरच्या दांडीची रेघ वाढवा, खालच्या दांडीची रेघ वाढवा. त्या जिथे मिळतात तो बिंदू गाडीवर कुठेच दिसत नाही. पण मागची चाकं गाडीला जो रेटा देतात तो जणू त्या बिंदूतूनच येतो. बिंदू योग्य जागी असेल तर चढावर तो रेटा धडाला सावरून धरतो. बिंदू फार लांब गेला तर सावरायला कुणीच नाही, गाडी बसते.

सर उठून उभे राहिले. बाजू वाढवा आणि छेदनबिंदू शोधा! हे तर त्यांनी सोमवारीच फळ्यावर केलं होतं!

आता, हे उत्तर त्यांना कागदावर आकडेमोड करून काढता आलं असतं. पण 'आकृतीशिवाय उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही' हे वाक्य ते इतकी वर्षं प्रश्नपत्रिकेत छापत आले होते की स्वतःला सूट देणं त्यांना जमलं नसतं. शिवाय आकृती लहान काढली की चूक मोठी होते. म्हणून त्यांनी गाडी पाचपट करून काढायची ठरवली. तेवढा कागद घरात नव्हता. भिंत होती, आणि तिला नुकताच रंग दिलेला होता.

बायको भाजी घेऊन परत आली तेव्हा दिवाणखान्याच्या लांब भिंतीवर एक प्रचंड गाडी उभी होती. तिच्या मागच्या चाकांपासून निघालेल्या दोन रेघा शोकेसच्या डोक्यावरून पुढे पुढे चालल्या होत्या. सर स्टुलावर उभे राहून फूटपट्टी सरकवत होते.

"अहो!"

"थांब. मिळतच आल्यात."

पण त्या मिळत नव्हत्या. सरांनी दांड्या इतक्या इमानाने समांतर केल्या होत्या की रेघा जवळ येत होत्या त्या नव्या नवरानवरीसारख्या, चोरून आणि अगदी थोड्या थोड्या. त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, आणि तिथे भिंत संपली. सरांनी उरलेलं अंतर मोजलं, ओठांत पुटपुटले आणि स्टुलावरून उतरले.

"कुठे निघालात?"

"शेजारी. बिंदू त्यांच्याकडे पडतोय."

बायकोने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ती तिच्याशेजारीच बसली.

कॅशियरसाहेबांनी दार उघडलं. सरांच्या हातात फूटपट्टी, दोरा आणि पेन्सिल.

"माफ करा," सर म्हणाले. "आमचा एक बिंदू तुमच्याकडे आला आहे."

कॅशियरसाहेबांनी आयुष्यभर लोकांना विचित्र कारणांनी खिडकीशी आलेलं पाहिलं होतं. ते डगमगले नाहीत. "केवढा आहे?"

"बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. फक्त जागा असते."

"म्हणजे अडचण काही होणार नाही?"

"काहीच नाही."

"मग या आत."

पण आतून त्यांची बायको आली. "कशी होणार नाही अडचण? आज बिंदू, उद्या आणखी काही येईल. आमच्या भिंतीवर दुसऱ्यांचं काही नको. सेक्रेटरींना बोलवा आधी."

सेक्रेटरी फाइल घेऊन आले. एका सभासदाची वस्तू दुसऱ्या सभासदाच्या फ्लॅटमध्ये ठेवायची तर नियम काय, हे त्यांनी बराच वेळ शोधलं. बिंदू तात्पुरता की कायमचा? सर म्हणाले, बिंदू तसा अनादी आहे, पेन्सिलीची खूण मात्र तात्पुरती. मग रेघांचं काय, त्या भिंतीच्या आतून गेल्या असतील तर मधली भिंत कुणाची? मधली भिंत सोसायटीची निघाली. त्यावर सेक्रेटरी म्हणाले की हे सर्वसाधारण सभेपुढे ठेवावं लागेल. सर म्हणाले, शनिवारच्या आत होईल का? सेक्रेटरींनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

शेवटी कॅशियरसाहेबच कंटाळले. "अहो, जागा व्यापत नाही त्याला कसली सभा? सर, करा तुमची खूण."

सरांनी दोरा ताणला, जमिनीपासून उंची मोजली, आणि भिंतीच्या कडेने सरकत सरकत निघाले. रेघा जिथे मिळाल्या तिथे कॅशियरसाहेबांची आरामखुर्ची होती, आणि खुर्चीत, निवृत्तीपासून रोज बसत तसे, ते स्वतः जाऊन बसले होते. बिंदू बरोबर त्यांच्या टकलामागे पडत होता.

"जरा डोकं बाजूला घेता का?"

"घेतो. पण मला एक सांगा," कॅशियरसाहेब मान तिरकी करून म्हणाले, "तुमची गाडी तुमच्या घरात, आणि तिला सावरणारा इथे माझ्या डोक्याशी. मग ती पडेल नाही तर काय करेल?"

सर पेन्सिल हातात धरून तसेच उभे राहिले. गोष्ट इतकी सरळ होती! बिंदू घरी आणायला हवा. आणि तो घरी आणायचा तर रेघा लवकर मिळायला हव्यात, आणि रेघा लवकर मिळायच्या तर दांड्या तिरक्याच हव्यात. त्याला दुसरा मार्ग नव्हता.

"सापडलं!" ते ओरडले आणि दोरा तिथेच टाकून घरी पळाले. पळताना त्यांनी कोपरा गोल कापला, हे फक्त बायकोने पाहिलं.

"आणा तो बिंदू घरात एकदाचा," ती म्हणाली, "आणि या रेघा घालवा बाहेर."

सरांनी भिंतीवर नव्या रेघा काढल्या, बिंदू गाडीच्या पुढच्या चाकांच्या आसपास आणला, आणि त्या मापाने कोणतं भोक कुठे येतं ते ठरवलं. स्प्रिंगा पुन्हा सैल केल्या, कारण त्यांनाही आता कलायला जागा हवी होती. मग ते स्क्रू आवळायला बसले, आणि आवळता आवळता त्यांचा हात थांबला. प्रत्येक भोकाभोवती आधीच्या स्क्रूचा पुसट ओरखडा होता. इतक्या खटाटोपानंतर, इतकी अब्रू गेल्यानंतर, गाडी तंतोतंत साडूंनी दिली होती तशी झाली होती.

शनिवारी दगडांच्या ढिगाभोवती सगळी नववी जमली. मुख्याध्यापक कवायतीची शिट्टी खिशात घेऊन आले होते. आणि आपल्या जिवाच्या काळजीने दुकान बंद करून साडूही आले होते. त्यांनी गाडी उचलली, उलटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले.

"अहो, हे तर माझं होतं तसंच आहे! मग आठवडाभर केलंत काय?"

पोरं खुसखुसली. वकीलबाई हसली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे सर, ही आधीपासूनच चढत होती?"

सरांचे कान तापले. इथून निघून जाणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी साडूंकडे पाहिलं.

"हो, चढत होती. साडू, का चढत होती ते सांगा की मुलांना."

साडूंनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडं ठेवलं. "जॉमेट्री असते ती," ते म्हणाले. "दुकानदाराने तशीच बसवून दिली होती."

सर खाली दगडावर बसले आणि त्यांनी स्क्रू सोडले. सगळ्यांसमोर दांड्या आडव्या केल्या, समांतर केल्या, अगदी सुरेख. "हे माझं उत्तर होतं," ते म्हणाले. "दिसतंय छान. आता बघा." गाडीने पहिल्या दगडावर बसकण मारली आणि ती उताणी पडली. पोरं पोट धरून हसली. सरांनी हसू दिलं. मग त्यांनी फळा मागवला, आकृती काढली, रेघा वाढवल्या, दांड्या पुन्हा तिरक्या केल्या, आणि बिंदूवर बोट ठेवलं. "गाडी इथून सावरली जाते. इथे काहीच नाही. हात लावायलासुद्धा काही नाही. पण हा इथे नसला तर ती पडते."

गाडी ढिगाला लागली. एक चाक वर, एक चाक खाली, पोट शांत. ती पहिला दगड चढली, दुसरा चढली, वरच्या मोठ्या दगडाशी जरा थांबली. साडूंनी त्यांचा दंड घट्ट धरला, आणि गाडी माथ्यावर जाऊन उभी राहिली. साडू ओरडले ते सगळ्यांत मोठ्याने. मुख्याध्यापकांनी शिट्टी वाजवली, पण ती आनंदाची होती की निराशेची ते कळलं नाही.

"सर," वकीलबाई म्हणाली, "पडली तेव्हा बिंदू कुठे होता?"

"काढून बघ," सर म्हणाले.

तिने खडू घेतला. फळा लगेच संपला. ती शाळेच्या भिंतीवर गेली, दोन रेघा ओढत ओढत व्हरांड्यात शिरली, आणि अर्धा वर्ग तिच्यामागे. सरांनी तिला थांबवायला हवं होतं, भिंती शाळेच्या होत्या. ते नुसते मागे मागे गेले. रेघा पाण्याच्या पिंपाच्या डोक्यावरून गेल्या, सूचनाफलकाखालून गेल्या, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीच्या बंद दाराशी थांबल्या. मुख्याध्यापक नुकतेच आत जाऊन बसले होते. तिने दार वाजवलं.

"सर, आत येऊ का? आमचा एक बिंदू तुमच्या खोलीत आलाय."

आतून आवाज आला, "केवढा आहे?"

"लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही सर," ती म्हणाली. "फक्त जागा आहे."

"बरं, ये," मुख्याध्यापक म्हणाले, आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. काटकोन सर व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. ते भिंतीला खांदा टेकून चांगलेच तिरके उभे होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.